पेटी नको, कापड पुरे

ख्रिस्ती अंत्यविधी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सगळ्यात आधी पेटी येते. सिनेमावाल्यांनी ती इतक्या वेळा दाखवली आहे, की पेटी नसेल तर तो ख्रिस्ती माणसाचा अंत्यविधीच नाही, असं आपल्यातल्याही पुष्कळांना वाटतं. या लेखात मला एवढंच पाहायचं आहे : पेटी न वापरता, नुसत्या कापडात गुंडाळून ख्रिस्ती माणसाचं दफन करता येतं का? येत असेल तर ते कसं करायचं, आणि घरच्यांना ते पचवायला जड का जातं?

आपल्या मराठी साहित्य मंडळाच्या अंकात कविता, ललित, प्रवासवर्णनं येतात, त्यात हा विषय जरा वेगळा वाटेल. पण तो माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही, घरातून आला. माझी आत्या सिकंदराबादेत परिचारिका होती. निवृत्त झाल्यावर एके दिवशी तिने आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि वरण वाढता वाढता सांगितलं, "मला पेटीत घालू नका. कापडात गुंडाळा आणि मातीत ठेवा." मोठे काका ताटावरून उठले. तिच्या त्या एका वाक्यावर आमच्या घरात दीड वर्ष वाद चालला. त्या काळात मी जे वाचलं, विचारलं आणि शेवटी डोळ्यांनी पाहिलं, ते इथे मांडते.

शब्दांना काय आठवतं?

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. मराठवाड्यात आणि नगर भागात आजही कुणी अंत्यविधीला गेलं की "मातीला गेलो होतो" असं म्हणतात. दफनाला आपण "माती देणं" म्हणतो. एखादी वाईट चाल कायमची सोडायची तर तिला "मूठमाती" देतो. या कुठल्याच शब्दात पेटी नाही. आपल्या भाषेच्या लेखी मेलेल्या माणसाचं नातं थेट मातीशी आहे.

इंग्रजीतला "कॉफिन" हा शब्दही मुळात लाकडी पेटीचा नाही. तो ग्रीक "कोफिनोस"पासून आला, आणि कोफिनोस म्हणजे टोपली. येशूने पाच हजारांना जेवू घातल्यावर उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या, त्या टोपल्यांसाठी शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक मजकुरात हाच शब्द आहे. आणि मोहरमच्या वेळी आपण ज्याला "ताबूत" म्हणतो, त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पेटी असाच आहे. मजा अशी, की पेटीसाठी शब्द असलेला तो समाज आपल्या माणसाला पुरतो मात्र कफनात.

शास्त्रात काय आहे?

आत्याचा सगळा युक्तिवाद एका ओळीचा होता : "प्रभूला पेटी होती का?"

नव्हती. मार्काच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात अरिमथाईकर योसेफ तागाचं वस्त्र विकत आणतो, येशूचं शरीर खाली काढून त्या वस्त्रात गुंडाळतो आणि खडकात खोदलेल्या कबरेत ठेवतो. योहानाच्या ११व्या अध्यायात लाजर कबरेबाहेर येतो तेव्हा त्याचे हातपाय पट्ट्यांनी बांधलेले आणि तोंड रुमालाने गुंडाळलेलं असतं. पुढे २०व्या अध्यायात पेत्र रिकाम्या कबरेत शिरतो, तेव्हा त्याला दिसतात ती तागाची वस्त्रं, आणि बाजूला वेगळा गुंडाळून ठेवलेला डोक्याचा रुमाल. म्हणजे पुनरुत्थानाची पहिली खूण शिष्यांना कापडातच दिसली.

हा यहुदी रिवाज होता आणि आजही आहे. यहुदी परंपरेत मृताला साध्या पांढऱ्या वस्त्रात ठेवतात आणि त्या वस्त्राला खिसा नसतो. त्यामागची गोष्ट तालमूदमध्ये सांगितली आहे. एके काळी दफनाचा खर्च इतका वाढला होता, की नातेवाइकांना मृत्यूच्या दुःखापेक्षा खर्चाचं दुःख मोठं वाटू लागलं होतं. तेव्हा रब्बान गमलियेल या थोर धर्मगुरूने आपल्याला साध्या तागाच्या वस्त्रात न्यावं असं सांगितलं, आणि बाकीच्यांनी त्याचा कित्ता गिरवला. मोठ्या माणसाने आधी साधेपणा स्वीकारला म्हणून गरिबाची लाज गेली. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे काकांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे.

कॅथलिक चर्चच्या कायद्यात (कलम ११७६) दफनाची शिफारस आहे, दहनालाही मनाई नाही. पेटीचा उल्लेख मात्र त्यात नाही. आमची मंडळी प्रोटेस्टंट. आमच्या पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, "प्रार्थना माणसासाठी असते, लाकडासाठी नाही."

मग पेटी आली कुठून?

युरोपातही सामान्य माणूस शतकानुशतकं कापडातच पुरला जात होता. गावच्या चर्चमध्ये एक सामायिक पेटी असे. मृतदेह तिच्यातून कबरेपर्यंत न्यायचा, तिथे बाहेर काढून कापडासकट मातीत ठेवायचा आणि पेटी परत चर्चमध्ये आणून ठेवायची. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या ईझिंगवोल्डच्या चर्चमध्ये अशी एक जुनी पेटी जपून ठेवली आहे. प्रत्येकाला स्वतःची पेटी हा प्रकार साधारण सतराव्या-अठराव्या शतकात रुळला. त्याच सुमारास, १६६६ पासून, इंग्लंडमध्ये कायदे झाले की मृताला गुंडाळायचं कापड लोकरीचंच हवं. कारण भक्तीचं नव्हतं, देशातल्या लोकरीच्या धंद्याला गिऱ्हाईक मिळावं हे होतं. ते कायदे १८१४ मध्ये रद्द झाले. मेलेल्या माणसाच्या अंगावर काय असावं, हे बाजार ठरवतो ते आजचं नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना एक नाव ओळखीचं असेल : जॉन डन. हा इंग्रज कवी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा डीन होता. १६३१ मध्ये, मरण जवळ आलेलं असताना, त्याने अंगाभोवती कफन गुंडाळून स्वतःचं चित्र काढून घेतलं. त्यावरून केलेला कफनातला संगमरवरी पुतळा कॅथीड्रलमध्ये उभा राहिला. १६६६ च्या लंडनच्या आगीत जुनं कॅथीड्रल जळालं, पण तो पुतळा वाचला आणि आजही तिथे आहे.

उलट दिशेचं उदाहरणही सांगायला हवं. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये हुकूम काढला, की मृतांना कापडी पिशवीत घालून पुरावं आणि पेटी फक्त वाहून नेण्यापुरती, पुन्हा पुन्हा वापरायची. तिचा तळ उघडणारा होता. लाकूड वाचणार होतं, शरीर लवकर मातीत मिसळणार होतं. हिशेब अगदी बरोबर होता. पण लोक इतके खवळले की पुढच्याच वर्षी सम्राटाला तो हुकूम मागे घ्यावा लागला. जे आत्याने मागितलं तेच सम्राटाने लादलं, आणि लादल्याबरोबर तो अपमान झाला.

अलीकडची गोष्ट पोप फ्रान्सिस यांची. पूर्वी पोपना एकात एक अशा तीन पेट्या असत, सायप्रसच्या लाकडाची, शिशाची आणि पुन्हा लाकडाची. पोप फ्रान्सिस यांनी आपल्या हयातीतच, २०२४ मध्ये, हा विधी साधा करून घेतला. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचं दफन झालं ते आतून जस्ताचा पत्रा लावलेल्या एकाच लाकडी पेटीत. पेटी राहिली, पण तीनाची एक झाली. आणि ते त्यांनी स्वतः, आधी ठरवलं होतं.

आपल्या मराठी माणसांनी काय केलं?

मराठी ख्रिस्ती समाजात आपल्या देहाचं काय करावं हे स्वतः ठरवणारं सगळ्यात मोठं नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. आपलं दहन व्हावं अशी त्यांची इच्छा होती. त्या काळी ख्रिस्ती माणसाचं दहन ही धक्कादायक गोष्ट होती. तरी ते झालं, आणि त्यांच्या अस्थी अहमदनगरला आणल्या गेल्या. टिळकांनी कापड निवडलं नाही, अग्नी निवडला. पण ख्रिस्ती राहून अंत्यविधीची परदेशी रीत बाजूला ठेवता येते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

कापडाचं जवळचं उदाहरण वसईचं आहे. तिथला कॅथलिक समाज घरात सामवेदी, वाडवळी अशा बोली बोलतो आणि चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतो. वसई धर्मप्रांतातल्या काही धर्मग्रामांनी गेल्या काही वर्षांत पेटी सोडून पांढऱ्या सुती कापडात दफन सुरू केलं. कारण तत्त्वज्ञानाचं कमी आणि कुदळीचं जास्त होतं. दफनभूमीत जागा मोजकी, म्हणून काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडावी लागते. उघडल्यावर पेटीचं लाकूड, आतलं अस्तर, अंगावरचे कृत्रिम धाग्याचे कपडे तसेच सापडायचे आणि देहाची मातीही पुरती झालेली नसायची. ज्यांनी अशी उघडलेली कबर पाहिली, त्यांना कापडाचं महत्त्व पटवावं लागलं नाही.

मातीत नेमकं काय होतं?

याचं विज्ञान सोपं आहे. देह मातीत मिसळायला तीन गोष्टी लागतात : ओल, थोडी हवा आणि मातीतले सूक्ष्मजीव. सुती कापड म्हणजे शेवटी झाडाचाच तंतू. ओल्या, जिवंत मातीत ते काही महिन्यांत विरून जातं. पॉलिस्टर म्हणजे प्लॅस्टिकचा भाऊ; ते दशकानुदशकं टिकतं. आज बाजारात मिळणारी पेटी नीट पाहा. प्लायवूड, त्यावर पॉलिश किंवा चिकटवलेलं कापड, आत फोम आणि साटीन, बाहेर पितळेसारखे दिसणारे प्लॅस्टिकचे कडे. यातलं फारच थोडं लवकर मातीत जातं. शिवाय बंद पेटी हवा आणि माती दोन्ही अडवते.

हैदराबादेत आणखी एक अडचण आहे. हे शहर ग्रॅनाइटच्या खडकावर बसलं आहे. बऱ्याच ठिकाणी थोडं खणलं की मुरूम आणि मग खडक लागतो. शहरातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत जागा संपत आली आहे आणि कुटुंबाची जुनी कबर उघडून त्यातच पुढच्या माणसाला ठेवावं लागतं. पेटी जितकी टिकाऊ, तितका पुढच्या माणसाचा मार्ग अडलेला. आत्या म्हणायची, "मी तुमच्या दादांच्या कबरेत जाणार, म्हणजे माझ्यानंतर कुणीतरी माझ्याही कबरेत येणार. त्याला जागा करून ठेवायला नको का?"

काकांचा प्रश्न

आता वादाकडे येते. लोकांना वाटेल, काका जुन्या विचाराचे आणि आत्या नव्या. तसं नव्हतं. काकांची बाजू मी इथे पुरी लिहिते, कारण ती आपल्यातल्या पुष्कळ घरांची आहे.

आमचं मूळ घराणं जालन्याचं. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं, त्या परिसरात आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. त्याआधी गावात आमच्या लोकांना वेशीबाहेरचं जगणं आणि वेशीबाहेरचंच मरण. पुढे आजोबा रेल्वेच्या नोकरीत सिकंदराबादला आले. काका म्हणाले, "आपल्या पणजोबांना पेटी मिळाली नाही. फाटक्या धोतरात गुंडाळून पुरलं त्यांना. पेटी आणि दगड साहेबांना होता. आपल्या घरातली पहिली पेटी तुझ्या आजोबांची. मी कर्ज काढून आणली. आता तुम्ही शिकलात, चार पैसे आले, आणि तुम्हाला कापड हवंसं झालं? लोक म्हणतील, बहिणीला पेटी घ्यायची ऐपत नव्हती."

याला उत्तर देणं सोपं नव्हतं. पर्यावरणाच्या गोष्टी सांगून ते होणार नव्हतं. ज्याला पेटी नाकारली गेली, त्याच्यासाठी पेटी ही मानाची खूण आहे. कापडात पुरलं जाणं आणि कापड निवडणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात कुणीतरी आपल्याला कमी लेखलेलं असतं, दुसऱ्यात आपण स्वतः ठरवलेलं असतं. पण बघणाऱ्याला बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि काकांना भीती त्या बाहेरून दिसण्याची होती.

तेव्हा मला गमलियेलची गोष्ट उपयोगी पडली, आणि आपलं शहरही. हैदराबादेत लहानाचं मोठं झालेल्या माणसाला कफन परकं नाही. आपल्या शेजारची मुस्लिम घरं आपल्या माणसाला न्हाऊ घालतात, पुरुषाला तीन आणि बाईला पाच वस्त्रांत गुंडाळतात, मशिदीतल्या सामायिक खाटेवरून नेतात आणि मातीत ठेवतात. खाट परत येते. हा नियम रिक्षा ओढणाऱ्याला जो, तोच नबाबाला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना १९३७ मध्ये "टाइम" साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं होतं. १९६७ मध्ये ते वारले, आणि किंग कोठीसमोरच्या मस्जिद-ए-जूदीत त्यांची कबर आहे. त्या धर्मात श्रीमंताला वेगळा नियम नाही, म्हणून तिथे कापड पाहून कुणी ऐपत मोजत नाही. मी काकांना विचारलं, "शेजारच्या घरातली मय्यत पाहून तुम्ही कधी म्हणालात का, की यांना पेटी परवडली नाही?" ते गप्प बसले. पटलं असं नाही, पण त्यांचा आवाज खाली आला.

खरा तोडगा मात्र आत्यानेच काढला. ती म्हणाली, "लोक काय म्हणतील याची तुला काळजी आहे ना? मग मीच लोकांना सांगते." एका रविवारी उपासनेनंतर ती मंडळीपुढे उभी राहिली आणि दोन मिनिटांत सांगून टाकलं : चाळीस वर्षं वॉर्डात मी माणसं कापडात गुंडाळली, गरीब-श्रीमंत सगळी. मलाही तसंच जायचं आहे. माझ्या भावाने पेटी देऊ केली आहे, मीच नको म्हटलं आहे. शेवटचं वाक्य फक्त काकांसाठी होतं. त्या दिवसानंतर घरात वाद झाला नाही.

प्रत्यक्षात कसं करायचं?

गेल्या वर्षी उपवासकाळात आत्या गेली. तिच्या इच्छेप्रमाणे सगळं झालं. त्यातून कळलेल्या गोष्टी कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून क्रमाने लिहिते.

आधी परवानगी. हैदराबादेत मुस्लिम दफनं पेटीशिवायच होतात, तेव्हा कायद्याची अडचण नाही हे उघड आहे. पण प्रत्येक दफनभूमीची समिती वेगळी. "आमच्याकडे असं कधी केलं नाही" हे उत्तर ऐन वेळी ऐकायला लागू नये म्हणून पाळक आणि समिती यांच्याशी माणूस जिवंत असतानाच बोलावं. मृत्यूची नोंद मात्र नेहमीसारखी २१ दिवसांच्या आत करायची असते; पेटी असो वा कापड, त्यात फरक नाही.

मग कापड. शंभर टक्के सुती, न रंगवलेलं, कोरं मांजरपाट उत्तम. लांबी माणसाच्या उंचीपेक्षा दोन्ही टोकांना हातभर जास्त हवी, म्हणजे डोक्याशी आणि पायाशी गाठ मारता येते. रुंदी अंगाभोवती दोन वेढे बसतील एवढी. पन्हा कमी असेल तर दोन पट्टे सुती दोऱ्याने जोडावेत. आत्याने वरून पांघरायला स्वतःची जुनी सुती नारायणपेठी साडी काढून ठेवली होती. साडी वापरायची तर काठातली जर पाहावी. हल्ली ती बहुधा कृत्रिम असते, म्हणून काठ कापून घ्यावा. आम्ही तो कापला, आणि तो आता माझ्याकडे आहे.

गुंडाळण्याआधी न्हाऊ घालणं आलं. आमच्या घरातल्या चार बायकांनी ते केलं. पेटीच्या रीतीत हे काम बहुतेक वेळा इस्पितळात किंवा पैसे देऊन उरकलं जातं. कापडाच्या रीतीत ते घरच्यांच्या हाती येतं. भीती वाटली, नाही असं नाही. पण ज्या हातांनी तिने आम्हाला लहानपणी न्हाऊ घातलं होतं, ते हात आम्ही धुतले. घड्याळ, बांगड्या, चश्मा, प्लॅस्टिकचं काही असेल ते काढून घ्यावं.

मग वाहून नेणं. कापडाला आधार लागतो. खाली लाकडी फळी किंवा बांबूची तिरडी घ्यावी. प्रार्थनेच्या वेळी तोंड उघडं ठेवता येतं, म्हणजे लोकांना शेवटचं दर्शन मिळतं. अंगावर पांढरी चादर असावी. कॅथलिक विधीत पेटीवर पांढरं वस्त्र घालतात ते बाप्तिस्म्याच्या वस्त्राची आठवण म्हणून. इथे तर ते वस्त्र थेट अंगावरच असतं.

मग कबरेत उतरवणं. हाच सगळ्यात अवघड भाग. पेटी दोरांवर सोडता येते. कापडातला देह नुसत्या दोरांवर वाकतो. दोन मार्ग आहेत. एक, फळीसकट तीन रुंद सुती पट्ट्यांवर सहा जणांनी सावकाश सोडायचं आणि फळी तिथेच राहू द्यायची. दुसरा, घरच्या दोघा-तिघांनी कबरेत उतरून वरून आलेला देह हातांवर घ्यायचा. आम्ही दुसरा मार्ग घेतला. आत्याचा मुलगा उतरला, माझा भाऊ उतरला, आणि तिसरे काका. सत्तरी ओलांडलेल्या काकांना आम्ही नको म्हणत होतो. ते म्हणाले, "पेटी मला घेऊ दिली नाही, आता निदान हात तरी लावू द्या."

शेवटचा प्रश्न सगळे दबक्या आवाजात विचारतात : माती थेट तोंडावर पडते का? पडू द्यायची नसेल तर उपाय जुनाच आहे. मुस्लिम दफनात देहाच्या वर फळ्या किंवा दगडी लाद्या बसवतात आणि त्यावर माती लोटतात. आम्ही कबरेच्या दोन्ही बाजूंना पायरीसारखी जागा सोडायला सांगितली होती, त्यावर साध्या लाकडाच्या आडव्या फळ्या टाकल्या. मूठमाती फळ्यांवर पडली.

कुठे जमत नाही?

कापड प्रत्येक वेळी जमेल असं नाही. परदेशातून किंवा दुसऱ्या शहरातून विमानाने देह आणायचा असेल, तर रसायनं भरून बंद पेटीतच आणावा लागतो. संसर्गजन्य आजाराने मृत्यू झाला असेल, तर इस्पितळ सांगेल तसंच करावं. कोविडच्या काळात प्लॅस्टिकच्या बंद पिशव्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. शवविच्छेदन झालं असेल तर कापडाचे जास्त थर लागतात. नातेवाइकांची वाट पाहत दोन-तीन दिवस देह ठेवायचा असेल तर फ्रीझर बॉक्स घ्यावा लागतो, आणि बाहेर काढल्यावर कापडाला ओल सुटते. तेव्हा गुंडाळणं शेवटी करावं. अशा वेळी पेटी घ्यावी लागली तर मनाला लावून घेऊ नये. मग निदान साध्या, न रंगवलेल्या लाकडाची आणि फोम-साटीन नसलेली घ्यावी. आणि ज्या घराला पेटीनेच समाधान मिळतं, त्यांनी ती जरूर घ्यावी. सम्राट जोसेफची चूक आपण पुन्हा करायला नको.

सांगून ठेवा, लिहून ठेवा

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी. कापड हवं असेल तर ते स्वतः सांगावं लागतं. न सांगता घरच्यांनी कापडात पुरलं, तर लोक त्याला कंजूषपणा म्हणतील आणि घरचेही आयुष्यभर मनात कुढतील. मृत्युपत्रात लिहून भागत नाही, कारण ते बहुधा दफनानंतरच उघडलं जातं. आत्याने वहीच्या अर्ध्या पानावर पाच गोष्टी लिहिल्या : कापडात न्या, कापड कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, कबर दादांची, हार नकोत, सुटी फुलं चालतील, पेटीचे वाचलेले पैसे नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीच्या फीला द्या. खाली सही आणि तारीख. एक प्रत काकांकडे, एक पाळकांकडे, एक माझ्याकडे. ते अर्धं पान नसतं, तर त्या सकाळी रडणाऱ्या माणसांतून कुणालाच निर्णय घेता आला नसता.

तुम्ही विशी-पंचविशीतले. तुम्हाला स्वतःसाठी हे आज लिहायची घाई नाही. पण घरात आजी असेल, आजोबा असतील, एखादी आत्या असेल. त्यांच्या मनात काय आहे, ते त्यांना एकदा विचारा. पेटी म्हणाले तर पेटी, कापड म्हणाले तर कापड. विचारायला संकोच वाटेल. पण आमच्या घरी असं दिसलं, की म्हाताऱ्या माणसांना हा प्रश्न अभद्र वाटत नाही; कुणीतरी विचारलं याचं त्यांना बरंच वाटतं. काकांनी आता स्वतःचं अर्धं पान लिहिलं आहे. त्यात त्यांनी पेटी मागितली आहे, साध्या लाकडाची, आणि आम्ही ती देणार आहोत.